पहिल्या हाकेला

१

आमच्या घरात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. आलेल्या माणसाने दाराबाहेर उभं राहून एकदा हाक मारायची, जरा थांबायचं, मग पुन्हा मारायची. तेव्हा कुठे आतून आवाज येतो, "आहे, ये." दार सताड उघडं असलं तरी हेच. मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं. शहरात शिकायला गेले, तेव्हा वसतिगृहाच्या बाई जेवायला एकदाच हाक मारून निघून जायच्या आणि मी आपली खोलीत दुसऱ्या हाकेची वाट बघत बसायची. दोनतीनदा उपाशी झोपले, मग अक्कल आली.

ही पद्धत कुठून आली ते आईने मला अगदी अलीकडे सांगितलं. पण आधी माझ्या कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी सिनेमाची संकलक आहे. दुसऱ्यांनी काढलेली दृश्यं कापायची, जोडायची, पुन्हा कापायची, आणि सिनेमा चांगला झाला की दिग्दर्शकाचं कौतुक ऐकत कोपऱ्यात उभं राहायचं. आमचा दिग्दर्शक माझा मामेभाऊ. त्याला सगळेच दादा म्हणतात, त्याच्याहून मोठेसुद्धा. आवाजाचं काम बघतो कानसेन. त्याचं खरं नाव घेऊन हाक मारली तर तो स्वतःही वळून बघणार नाही. आम्ही तिघं इथल्या मूळच्या लोकांपैकी, परका साहेब राज्य करायला आला त्याच्या आधीपासूनचे. साहेब जाऊनही आता बरीच वर्षं झाली. जाताना तो बरंच काही घेऊन गेला, आणि त्यात आमच्या पोरांची एक फिल्मही होती.

त्या पोरांवर आम्ही सिनेमा करत होतो. त्यासाठी त्या फिल्मची प्रत मिळवायला दादाने किती खेटे घातले ते विचारू नका. शेवटी साहेबाच्या संग्रहालयाने दिली. अट एकच होती, सिनेमाच्या शेवटी त्यांचे आभार मानायचे.

"आभार?" दादा भडकलाच. "पोरं आपली, आणि आभार यांचे?"

"इतकी वर्षं नीट सांभाळून ठेवली ना रे," कानसेन म्हणाला.

"तुझी सायकल चोरली आणि रोज तेलपाणी केलं, तर चोराच्या पाया पडशील?"

कानसेनने खरंच थोडा विचार केला. "तेल चांगलं असेल तर बघू," म्हणाला. मी हसले आणि फिल्म लावली.

२

फिल्म मुकी होती, आणि लहान. चहा गार व्हायच्या आत संपणारी. साहेबाने मूळच्या लोकांच्या पोरांसाठी जी निवासी शाळा काढली होती, तिचा व्हरांडा. पोरं एका रांगेत भिंतीकडे तोंड करून उभी. सगळ्यांचे केस सारखे कापलेले, अंगात सारखे सदरे, आणि प्रत्येकाच्या पाठीवर शिवलेला नंबर. तो नंबर दिसावा म्हणूनच त्यांना तसं उभं केलं होतं. कॅमेरा रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश जातो आणि फिल्म संपते. एकाही पोराचा चेहरा दिसत नाही.

आई तेव्हा डोळे दाखवायला माझ्याकडे आली होती. तिच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग पडला होता आणि तो पसरत होता. समोरचं दिसायचं नाही, कडेकडेने दिसायचं, म्हणून ती मान वळवून तिरकी बघायची. डॉक्टर म्हणाले होते, हिवाळा संपेपर्यंत आहे तेही जाईल. घरात एकटी बसण्यापेक्षा बरं म्हणून मी तिला संकलनाच्या खोलीत घेऊन आले. ती मागे खुर्चीत बसली होती. मला वाटलं, डुलकी लागली.

"थांब," ती म्हणाली. "मागे ने. आणखी मागे."

मी नेलं.

"ही थोरली."

थोरली म्हणजे आईची मोठी बहीण, माझी मावशी. तिला लहानपणीच शाळेत नेलं आणि ती परत आली नाही, एवढंच मला माहीत होतं. पुढे शाळेने 'ताप' असं कळवलं होतं. म्हटलं, "आई, सगळ्यांच्या पाठीच दिसतायत. कशावरून?"

"पाय बघ."

रांगेच्या शेवटाकडची ती मुलगी एका पायावर उभी होती. दुसऱ्या पायाच्या बोटांनी पोटरी खाजवत होती.

"चूल पेटवतानाही अशीच उभी राहायची," आई म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. तिच्या आवाजात कुठेही कंप नव्हता, आणि त्यानेच मला जास्त भरून आलं.

साहेबाची माणसं पोरं न्यायला आली, तेव्हा घरात या दोघीच होत्या. त्या माणसांनी आमची हाक मारायची पद्धत कुणाकडून तरी शिकून घेतली होती. थेट आमच्यासारखंच बाहेरून विचारलं, "आहे का गं घरात?" थोरलीने फटीतून बघितलं. आईला पांघरुणांच्या पेटीत घातलं, वर झाकण लावलं, आणि मग ओ दिली. आहे, ये.

"तिला ठाऊक होतं गं. ओ दिली नसती तर ते आत येऊन शोधणार होते. ओ दिली, तिला घेऊन गेले. मी राहिले." आई म्हणाली. "त्यांनी एकदाच हाक मारली होती. तेव्हापासून आपल्यात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. परका एकदाच हाक मारतो. आपला माणूस थांबतो, पुन्हा मारतो."

 मी उगीच कीबोर्ड पुसत बसले.

"मला तिचा चेहरा आठवत नाही," आई म्हणाली. "दिसतंय तोवर एकदा बघायचाय. आणि एवढंच सांगायचंय तिला, की मी आहे. तुझ्यामुळे आहे. ते सांगायचं राहून गेलंय."

आता हा चेहरा मी कुठून आणणार होते? संकलकाला जे काढलेलं असतं तेवढंच कापता येतं.

३

माझी एक जुनी सवय आहे. प्रत्येक दृश्यातलं एक चित्र कागदावर छापून मी भिंतीवरच्या फळीला टाचते. सगळा सिनेमा एका नजरेत दिसतो. थोरलीचं चित्रही मी तसंच टाचलं होतं. कापलेले केस, मान, पाठीवरचा नंबर, उचललेला पाय.

दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं आणि पडद्यावर तिचा कान दिसला.

डावा कान, आणि गालाची बारीकशी कड. दुसऱ्या खोलीत कुणी बोलत असलं की आपण कान देतो, तशी मान किंचित वळलेली. मी फळीवरचा कागद बघितला. कागदावर नुसती मान होती.

आता मी काही लगेच घाबरणारी बाई नाही. म्हटलं, छापलेलं चित्र आधीचं असेल, हे नंतरचं. त्या दृश्याचं एकेक चित्र पुढे सरकवत गेले, मग मागे. सगळ्यांत कान होता. म्हटलं, प्रत दोनदा उतरवली असेल. नव्हती. म्हटलं, डोळे शिणलेत, आईचंच दुखणं मला लागलंय. डोळे धुऊन आले. कान होताच.

दादाला बोलावलं. "चष्म्याचा नंबर काढून घे," तो खुर्ची ओढत म्हणाला. मग त्याने कागद पाहिला, पडदा पाहिला, पुन्हा कागद पाहिला.

"मी चहा सांगून येतो," म्हणाला आणि गेला. चहा बराच आधी आला, दादा नंतर. 

४

मुक्या फिल्मवर आवाज कोणता घालायचा यावर आमचं घोडं अडलं होतं. संगीत नको, यावर तिघांचं एकमत. निवेदन तर नकोच नको. आमच्याबद्दल बोलून बोलून साहेबाचं तोंड दुखलं होतं, आता आम्ही पुन्हा पोरांच्या डोक्यावर उभं राहून काय बोलणार?

दादालाच सुचलं. "साहेबाचा कॅमेरा न विचारता आत शिरला होता. आपणही शिरायचं का? आपण बाहेरून आलोय त्यांच्याकडे. आधी पडदा काळा ठेवू. हाक मारू. मग चित्र."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आणि मला दादाचा फार अभिमानही वाटला. हाक आईने मारायची हे कुणी ठरवलंच नाही, ते ठरलेलंच होतं.

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे कपाटाएवढी जागा, भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या. आत आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. कानसेनने आईला कानांवर लावायचा हेडफोन दिला. "हे कशाला? मी आंधळी होतेय, बहिरी नाही," म्हणून तिने तो परत केला. मग सरळ उभी राहिली, पदर नीट केला आणि दारात उभं राहून मारावी तशी हाक मारली.

"थोरले, आहेस का गं?"

ती थांबली. आमच्यात थांबतात तेवढी. मग पुन्हा, "थोरले, आहेस का गं?"

काचेच्या या बाजूला कानसेन हेडफोन लावून बसला होता. दोन हाकांच्या मध्ये त्याने तो पटकन काढला आणि मागे वळून बघितलं. मागे फक्त दार होतं, बंद.

"तू श्वास घेतलास का आत्ता?" त्याने मला विचारलं. "जोरात?"

"मी इथे कोपऱ्यात आहे रे."

"हो ना," तो म्हणाला. "म्हणूनच विचारलं." त्याने हेडफोन पुन्हा लावला, पण एकाच कानाला.

५

आणि इथे माझ्यातली संकलक नडली.

दोन हाकांमधली शांतता फार लांब होती. काळ्या पडद्यावर एवढा वेळ काहीच नाही, प्रेक्षक चुळबुळ करायला लागतात. मी ती शांतता कापली. मग दोन हाका एकमेकींना खेटून विचित्र वाटायला लागल्या, म्हणून दुसरीही कापली. धंद्याची सवय, हात आपोआप चालतात. एक हाक, लगेच चित्र. नेटकं झालं. मी लावून बघितलं.

रांग आली. काहीतरी बिनसलं होतं, पण काय ते कळेना. खोलीतला पंखा घरघरत होता, बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मी पुन्हा लावलं.

या खेपेला कळलं. पोरं भिंतीला चिकटली होती. आधी भिंत आणि पोरांमध्ये हातभर जागा होती, तिथून उजेडाची एक पट्टी दिसायची. ती पट्टी आता नव्हती. सगळ्यांचे खांदे वर, माना आत. थोरलीचा पाय खाली आला होता, टाचेला टाच लावून.

मी स्वतःला म्हटलं, बाई गं, उठ, घरी जा. पण उठले नाही. पुन्हा लावलं. तीच एक हाक. रांगेच्या टोकाला जे सगळ्यांत लहान पोर होतं, त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले होते.

मी बंद केलं.  पडद्यावरच्या माणसांनी मला घाबरवलं असतं तर मी काहीतरी कारण शोधलं असतं. पण ती माझ्याकडे बघतही नव्हती. तीच घाबरली होती, आणि ती मला घाबरली होती.

तेव्हा उमगलं. एक हाक. मी साहेबासारखी हाक मारली होती, तीही माझ्या आईच्या आवाजात.

"चुकलं रे पोरांनो," मी मोठ्याने म्हणाले. रिकाम्या खोलीत पडद्याशी बोलणारी बाई कशी दिसते, याचा विचारही आला नाही. कापलेली शांतता जशीच्या तशी परत लावली. दुसरी हाक लावली. मग मात्र ते चालवून बघितलं नाही. पहिल्यांदा बघायचा मान माझा नव्हता.

६

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आईला आणलं. खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ ठेवली. दादा आणि कानसेन मागे दाराला टेकून उभे. दादाने दोनदा घसा साफ केला. मी बटण दाबलं.

काळा पडदा. "थोरले, आहेस का गं?"

शांतता. ती खरंच लांब होती. आमच्या तिघांपैकी कुणीही हललं नाही. एक गोष्ट मला तेव्हा जाणवली. ही शांतता म्हणजे आतल्या माणसाला आपण दिलेला वेळ होता. मी तो कापायला निघाले होते.

"थोरले, आहेस का गं?" स्पीकरमधल्या आईबरोबर खुर्चीतल्या आईचेही ओठ हलले.

चित्र आलं. रांग. उजेडाची पट्टी जागेवर होती. खांदे खाली होते. कॅमेरा सरकत सरकत शेवटाकडे गेला, आणि मी थोरलीचा पाय हळूच पोटरीवर चढताना पाहिला.

मग मी पडद्यावरून नजर काढली. ती हाक माझी नव्हती, बोलावणंही मला नव्हतं. मी आईकडे बघितलं.

आईने मान वळवली होती, तिच्या त्या तिरक्या पद्धतीने. तिच्या चष्म्याची एक काच माझ्या बाजूला होती. काचेत पडद्याचा करडा चौकोन दिसत होता, आणि त्यात मुंग्यांएवढी रांग. मग तो चौकोन झाकला गेला. मध्ये काहीतरी आलं होतं. काचेत एक चेहरा होता, काच भरून. पडद्यावरचा चेहरा तेवढा मोठा दिसणं शक्य नव्हतं. खुर्चीच्या समोर, आईच्या नाकाशी नाक लावून कुणी वाकलं असतं तर दिसला असता, तसा.

खुर्ची आणि पडदा यांच्यामध्ये कुणीही नव्हतं. मी बघितलं. कुणी नव्हतं.

"आहे गं," आई म्हणाली. "मी आहे. तुझ्यामुळे आहे."

आणि मग ती हसली, अगदी लहान पोरीसारखी. "अगं, किती लहान आहेस तू!"

फिल्म संपली. पडदा पांढरा झाला. आईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मागे कानसेन हुंदके देऊन रडत होता. दादा कधी जमिनीवर बसला होता कुणास ठाऊक.

"दिसली?" मी विचारलं.

"तुझं नाक तिचं आहे," आई म्हणाली. मला आजवर कुणी काही दिलं असेल, तर त्यात हे सगळ्यांत मोठं.

७

सिनेमा झाला, लोकांनी बघितला, आपापली माणसं शोधायला किती जण आले. त्या दृश्यात रांगेच्या शेवटाकडे एक जागा मोकळी आहे. प्रेक्षकांना ती तशी आधीपासूनच वाटते. फळीवरचा कागद मी घरी आणून ठेवला. त्यावरही आता नुसती भिंत दिसते.

आभारांवरून दादा शेवटपर्यंत अडून बसला होता. अखेर त्याने स्वतःच संग्रहालयाचं नाव लिहिलं, सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात. "तेल चांगलं होतं," म्हणाला. सगळ्यांत वर मी एकच शब्द लिहिला, थोरली.

हिवाळा संपायच्या आत आईची नजर पूर्ण गेली. तरी हट्टाने तिच्या घरी परत गेली. एकटीने कसं राहणार, पडलीस तर, चुलीशी हात भाजला तर, मी फोनवर रोज डोकं खायची. "एकटी कुठे आहे," ती म्हणायची. म्हटलं, शेजारणी येत असतील.

गेल्या आठवड्यात गेले. दुपारची वेळ. दार उघडंच होतं, आत अंधार आणि भांड्यांचा आवाज. मी पायरीशी चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली आणि हाक मारली.

"आई, आहेस का गं?"

आणि थांबायला म्हणून श्वास घेतला.

"आहे, ये!"

लगेच. पहिल्याच हाकेला. बारीक, खणखणीत, लहान मुलीचा आवाज.

मी जागच्या जागी उभी. आतून कुणीतरी अनवाणी पावलांनी दाराकडे आलं आणि उंबऱ्याच्या आत, अंधारात थांबलं. मला खाली फक्त एक पाऊल दिसलं. दुसरं दिसत नव्हतं. मला भीती वाटली, खोटं का सांगू. पण त्याहून मोठं काहीतरी छातीत दाटून आलं. त्या घरात पहिल्या हाकेला ओ द्यायला आता कुणी भीत नव्हतं.

तरी सवय ती सवय. मी दुसऱ्यांदा हाक मारली. 

"अगं, दिली ना ओ तिने?" आतून आई हसत ओरडली. "मग ये की आत. बाहेर कशाला उभी परक्यासारखी?"

मी दोन्ही हात जोडले आणि आत गेले.